तीन पळ्यांची सुरई

१

यमुनाबाई शेवडे वारल्या त्याला तीन वर्षं झाली होती, आणि त्या तेल पिऊ लागल्या त्याला दोन दिवस.

ही बातमी त्यांच्या नणंदेनं, गोदूबाईंनी, माझ्या ओटीवर बसून मला दिली. मी रत्नागिरीच्या कोर्टात वकिली करतो. मेलेल्या माणसांच्या तक्रारी मला नव्या नाहीत. आमच्याकडचे निम्मे दावे मूळ वादी वारल्यावरच रंगात येतात. पण खोबरेल पिण्याची तक्रार पहिल्यांदाच आली होती.

"किती प्याल्या?" काहीतरी विचारायला हवं म्हणून मी विचारलं.

"अकरा पळ्या. आणि वकील, हसायचं असेल तर मी उठत्ये."

मी हसत नव्हतो. गोदूबाई सत्तरीच्या, बाराव्या वर्षापासून विधवा, आणि त्यांना घाबरलेलं पाहिलेला माणूस आमच्या मांडवी बंदरावर हयात नव्हता. आज त्यांच्या हातातली जपमाळ थरथरत होती आणि त्यांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं.

त्यांचे धाकटे भाऊ प्रोफेसर भिकाजी शेवडे १८९७ साली विलायतेला गेले, ते कलेक्टर होऊन परत यायला. परीक्षेच्या तयारीत असताना एकदा पावसाचा आडोसा म्हणून ते तिथल्या म्युझियममध्ये शिरले. ग्रीक मडक्यांच्या दालनातून जे बाहेर आले ते कलेक्टर होण्याच्या लायकीचे उरले नव्हते. पुढे तीन वर्षं अथेन्सला काढली. उन्हात उकिडवं बसून जमिनीतून खापऱ्या वेचायच्या, धुवायच्या, त्यांवर नंबर घालायचे, जोडायच्या. परत आले तेव्हा सबंध हिंदुस्थानात ग्रीक कला शिकवायची एकही जागा नव्हती. म्हणून मुंबईच्या एका कॉलेजात पंचवीस वर्षं त्यांनी इंग्रजी निबंध तपासले आणि सुट्ट्यांत मडक्यांवर पुस्तक लिहिलं. ते पुस्तक युरोपात चार माणसांनी वाचलं. त्या विषयात माणसं तेवढीच होती.

अथेन्सहून त्यांनी एक सुरई आणली होती. वीतभर उंच, पांढरी, लांब मानेची, पणतीएवढ्या तोंडाची. तीवर एक बाई बसलेली आणि तिच्यासमोर एक पुरुष उभा, इतकंच चित्र. ग्रीक लोक अशा सुरया तेलानं भरून थडग्यापाशी ठेवत. चितारी कोण हे कुणालाच ठाऊक नाही. अशा वेळी हे पंडित, जिथं मडकं असेल त्या गावाचं नाव चिताऱ्याला देतात. प्रोफेसरांचं म्हणणं, हा चितारी आजवर कुणी न ओळखलेला आहे. त्या चार वाचकांपैकी एक जर्मन पंडित शनिवारच्या बोटीनं सुरई डोळ्यांनी बघायला येणार होता. त्याला पटलं, तर चोवीसशे वर्षांपूर्वी अथेन्समध्ये मेलेला तो माणूस जगभर 'मांडवीचा चितारी' म्हणून ओळखला जाणार होता, आणि त्याला शोधणाऱ्याचं नाव त्याच्या खाली छापलं जाणार होतं. पस्तीस वर्षांच्या कामाचं तेवढंच पदरात पडायचं बाकी होतं.

आज बुधवार.

"दर अमावास्येला तिन्हीसांजेस तो ती सुरई रिकामी करून वहिनीच्या केसांच्या तेलानं नव्यानं भरवून घेतो," गोदूबाई म्हणाल्या. "श्राद्धाला भटजी नको म्हणालान, आणि हे चालतंय. ती गेली तेव्हा हा मुंबईस पुस्तकाच्या पुरवणीची प्रुफं तपासत होता. तार पोचून हा आला तो तिसऱ्या दिवशी. तेव्हापासून हे. मी त्याला दहादा सांगितलं, मढ्यासाठी केलेलं भांडं घरात अख्खं ठेवू नये. ऐकलंन नाही. आणि दर वेळी तीन पळ्यांत काठोकाठ भरणारी सुरई परवा अकरा पळ्या प्याली."

"सांडलं असेल."

"टेबल कोरडं आहे." त्या थांबल्या. समुद्राचा आवाज माझ्या ओटीपर्यंत येतो. एरवी मला तो ऐकू येत नाही. "दुसरं सांगू? त्या चित्रातली बाई मांडीवरच्या पेटीकडे खाली बघायची. तीस वर्षं मी बघत्ये. आता ती मान वर करून समोर बघत्ये."

२

भुताखेतांच्या बाबतीत माझं शिक्षण इंग्रजी असल्यामुळे अपुरं आहे. मी भागोजीराव सुर्व्यांना बोलावलं.

भागोजीराव कस्टम खात्यातले निवृत्त नाकेदार. तीस वर्षं बंदरावर उभं राहून त्यांनी गोव्याकडची पिंपं मोजली. वर चार बोटं खोबरेल, मध्ये लाकडाचा पडदा आणि खाली फेणी, हे ज्यांना ज्यांना सुचलं होतं त्या सगळ्या तांडेलांना ते नावानं ओळखत आणि त्यांच्या मुलींच्या लग्नांना जेवून येत.

आम्ही गेलो तेव्हा दिवेलागण होत होती. शेवड्यांचं घर मांडवीच्या टोकाला, खिडकीखाली माड आणि माडांखाली समुद्र. दारातच खोबरेलाचा वास आला. तो मोलकरणीच्या डोक्याचा किंवा स्वैपाकघराचा वास नव्हता. एखादी बाई न्हाऊन, केस सोडून पलीकडच्या खोलीत बसली असावी तसा तो होता. पलीकडच्या खोलीत कुणी नव्हतं. मी बघून आलो.

प्रोफेसर आरामखुर्चीत बसले होते. समोर टेबलावर सुरई. हातात पुस्तक नाही, चष्मा कपाळावर. माणूस घरच्यांसोबत बसतो तसे ते सुरईसोबत बसले होते.

"भागोजीराव, भूत मोजायला आलात?"

"नाही. भांडं."

मोलकरीण तुळसा मागच्या दारापलीकडे उभी होती. उंबऱ्याच्या आत यायला ती तयार नव्हती, म्हणून भागोजीरावच उंबऱ्यावर बसले.

"तेल कोण ओततं?"

"मीच वततंय. तीन पळ्या झाल्या, वरती येयना. चार झाल्या, पाच झाल्या. सायेब बगत व्हते. काय बोललं नाय. अकरा पळ्या पिलान बाईंनी."

"भ्यालीस?"

तुळसानं पदर सारखा केला. "बाईंच्या डोईस मीच तेल लावायची. दर टायमास म्हनायच्या, तुळसा, आनि जरासं लाव गो. मी म्हनायची, पुरे. आता म्हनायला कोन नाय तर घेतलानी हवं तितकं."

"सुरई धरलीस तेव्हा हाताला काय लागलं?"

ती चपापली. "चुना लागला. बोटं पांढरीफेक. पयलां कदी लागला नव्हता."

भागोजीरावांनी परसातून झावळीचा एक हीर तोडून आणला, सोलून साफ केला आणि प्रोफेसरांची परवानगी घेऊन सुरईच्या तोंडातून आत सोडला. हीर खाली खाली गेला आणि तळाला टेकला. त्यांनी तो बाहेर काढून सुरईच्या बाजूला उभा धरला. बाहेरची उंची आणि आतली खोली यांत फक्त बोटभराचा, तळाच्या जाडीचा, फरक.

मी चित्राकडे बघत होतो. ती बाई खरोखरच मान वर करून समोरच्या पुरुषाकडे बघत होती. बघण्यात तक्रार नव्हती. मला खिडकी लावून घ्यावीशी वाटली.

बाहेर आल्यावर भागोजीराव म्हणाले, "वकीलसाहेब, भांडं जास्त प्यायला लागलं तर दोनच कारणं. तळाला भोक पडलंय, नाहीतर भांडं दुसरं आहे. भोक नाही."

"म्हणजे सुरई चोरीला गेली?"

"सुरई चोरीला गेलीय," ते म्हणाले, "आणि ज्यानं नेली त्याला ती चोरी वाटत नाही. चोर जागा रिकामी सोडतो. इथं कुणीतरी प्रोफेसरांना सोबत ठेवून गेलंय."

३

मांडवीत सुरईची नक्कल करू शकेल असा माणूस एकच: लवू मास्तर. शाळेत चित्रकला शिकवत, आणि गणपतीच्या दिवसांत आराशीचे पडदे रंगवत. गुरुवारी मधल्या सुट्टीत आम्ही त्यांच्या वर्गावर गेलो.

"सुरई? छे. मी तिकडे फिरकलोसुद्धा नाही," मास्तर म्हणाले. आम्ही अजून सुरईचं नाव काढलं नव्हतं.

भागोजीरावांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं आणि भिंतीवरची चित्रं बघत हिंडू लागले. नळ-दमयंती होते. सत्यवान-सावित्री होते. राम-सीता तीन ठिकाणी होते.

"मास्तर, तुमच्या चित्रांत सगळ्या बायका नवऱ्याकडेच बघतात."

"मग कुठं बघणार?" मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले. "नवरा समोर उभा असताना बायकोनं भलतीकडे बघणं बरं दिसत नाही. मुलं बघतात ही चित्रं."

"आणि कान?"

मास्तरांचा हात स्वतःच्या कानाकडे गेला. मी दमयंतीचा कान बघितला, मग सीतेचा. दोन्ही काजूच्या बीसारखे, खाली टोक काढलेले. आदल्या संध्याकाळी सुरईवरच्या त्या ग्रीक बाईचा कानही मला काजूसारखा वाटला होता, आणि अथेन्समध्ये काजू पिकत नसावेत एवढं मला ठाऊक होतं. प्रोफेसर नेहमी सांगत की चितारी नाक बदलतो, डोळे बदलतो, पण कान मात्र तो न बघता काढतो. कान बघा म्हणजे हात ओळखू येतो. तीस वर्षं ऐकून मी कंटाळलो होतो. त्यांचं शास्त्र लवू मास्तरांवर प्रथम वापरलं जाईल हे त्यांनाही सुचलं नसतं.

मास्तर बाकावर बसले. "मडकं कुंभाराकडून मापानं करून घेतलं. वर पांढरी माती आणि सरस. आठ दिवस लागले. मला सांगितलं होतं की खरी सुरई जपून कपाटात ठेवायची आणि नक्कल बाहेर. यात काय वाईट आहे?"

"कुणी सांगितलं?"

"ते नाही सांगणार. मला शपथ घातलीय. आणि भागोजीराव, सांगणाऱ्या माणसाला लबाडी येत नाही. म्हणून तर मी तयार झालो."

"काम कधी झालं?"

"दिवाळीनंतर. प्रोफेसर आठ दिवस मुंबईला गेले होते तेव्हा."

४

शुक्रवारी सकाळी ओहोटी होती. मांडवीच्या खडकांवर तांडेल मुसा आपल्या होडीला तेल चोपडत बसला होता. परदेशी जिनसा घेण्याचा आणि विकण्याचा त्याला नाद होता, आणि गेल्या वर्षी त्यानं सुरईचीही चौकशी केली होती. म्हणून गावाचा संशय त्याच्यावर होता.

"सुरई मी मागितली होती, व्हय," मुसा म्हणाला. "घरी आमच्या हफीजाला सांगितलं. ती म्हणाली, कबरीवरची चीज घरात आणशील तर मी माहेरी जाईन. सुरई स्वस्त होती साहेब, पण तेवढी नाही." मग त्यानं आवाज खाली आणला. "मला सांगा वकीलसाहेब, तुमचे प्रोफेसर कालवं खायला लागले काय?"

"का?"

"मुंबईहून आल्यापासून रोज ओहोटीला इथं असतात. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात टोपली. खडकांच्या फटींत बोटं घालून काय तरी काढतात. मी म्हटलं, भटजींनी कालवं काढायची म्हणजे दुनिया बुडायला आली. मला बघितलं की टोपली झाकतात."

"कुठल्या फटीत?"

मुसानं हात केला. तो खडक मला माहीत होता. तीन वर्षांपूर्वी, प्रोफेसर मुंबईहून पोचायची वाट बघून बघून शेवटी अस्थी सोडल्या, तेव्हा मी तिथंच उभा होतो.

परतताना भागोजीरावांनी विचारलं, "प्रोफेसरांचं ते पुस्तक तुमच्याकडे आहे?"

होतं. निवृत्त होऊन आले तेव्हा त्यांनी सही करून दिलं होतं. मी ते काचेच्या कपाटात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं ठेवलं होतं. भागोजीरावांनी ते उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. पानं अजून कडेनं जोडलेलीच होती. चार वर्षांत मी ती कापलेली नव्हती. गावात प्रोफेसरांनी अशा सात प्रती वाटल्या होत्या. आम्ही त्याच सकाळी तीन घरं फिरलो, आणि तिन्ही ठिकाणी प्रती माझ्यासारख्याच आदरानं ठेवलेल्या आढळल्या.

मी सुरी आणली आणि एकेक पान कापत गेलो. चाळिसाव्या पानावर सुरईचा फोटो होता. बाई मान खाली घालून पेटीकडे बघत होती. समोर कुणी उभं आहे याची तिला दखल नव्हती. एक्केचाळिसाव्या पानावर प्रोफेसरांनी लिहिलं होतं, ते मी भागोजीरावांना मराठीत सांगितलं: मृतांना वाहायचं तेल महाग असे, म्हणून ग्रीक कुंभार अशा सुरईच्या गळ्याखाली, आतून, एक छोटीशी वाटी बसवत. तेवढीच वाटी भरली की सुरई काठोकाठ भरलेली दिसे. खाली सगळी पोकळ. लेखकाच्या संग्रहातील सुरई याच प्रकारची आहे.

भागोजीरावांनी फोटोतल्या सुरईच्या गळ्यावर बोट ठेवलं. मग समाधानानं म्हणाले, "म्हणजे वर चार बोटं खोबरेल. चोवीसशे वर्षांपूर्वी."

"तीन पळ्यांची वाटी," मी म्हणालो. "नक्कल करणाऱ्याला ती दिसली नाही. कोडं सुटलं."

"अर्धं. वकीलसाहेब, हे पान रत्नागिरीत किती जणांनी वाचलंय?"

"आजपर्यंत? फक्त..."

आणि मी थांबलो. ज्यानं लिहिलं त्यानं. चौथी पळी आत गेली तेव्हा त्या खोलीत एका माणसाला सगळं कळलं होतं. आणि तो अकराव्या पळीपर्यंत काही न बोलता बघत बसला होता.

५

"चौकशी तुम्ही आम्हाला सांगितलीत," भागोजीराव गोदूबाईंना म्हणाले, "म्हणून उत्तरही तुम्हालाच द्यायला हवं."

शुक्रवारची दुपार. प्रोफेसर आतल्या खोलीत होते, दार लोटलेलं. भागोजीरावांनी स्वैपाकघरातून पाण्याचा तांब्या आणि एक वाटी मागून घेतली. वाटी तांब्याच्या गळ्यात अडकवली आणि पळीनं पाणी ओतलं. एक, दोन, तीन. तांब्या काठोकाठ भरला. मग वाटी आतच बोटानं कलती केली. पाणी धबकन तळाला गेलं.

"वहिनी काही प्यायल्या नाहीत, गोदूबाई. पहिल्या सुरईत अशी वाटी होती. दुसरीत नाही."

गोदूबाई तांब्यात बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, आणि लगेच मागोमाग दुसरं काहीतरी. वाटीनं त्यांचं भूत घालवलं होतं आणि त्यांनाच उघडं पाडलं होतं.

"तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"खरं म्हणजे तुमच्या बोलण्यातच होतं. मढ्याचं भांडं घरात अख्खं ठेवू नये, असं तुम्ही वकिलांना म्हणालात. 'घरात ठेवू नये' एवढं कुणीही म्हणेल. 'अख्खं' म्हणणाऱ्याला ते फोडायचं असतं. लवू मास्तरांना शपथ घालावी आणि त्यांनी ती पाळावी असं माणूसही मांडवीत तुम्हीच. आणि तिसरं, सगळ्या घरात तुम्ही एकट्या खऱ्याखुऱ्या घाबरला होतात. तुळसा भ्याली, पण तिनं मायेनं सांगितलं. तुमचा हात थरथरत होता. भुताला घाबरणारा माणूस आणि भुतानं आपल्यालाच गाठलंय असं वाटणारा माणूस, यांत फरक असतो."

गोदूबाईंनी माळ मांडीवर ठेवली.

"चितेभोवती फिरवलेलं मडकं फोडल्याशिवाय जीव सुटत नाही," त्या हळू बोलल्या. "हे काय मी नवीन सांगत्ये? आणि इथं तीन वर्षं, मढ्यासाठीच केलेलं मडकं टेबलावर मांडून, तिचं तेल घालून, तिच्यापुढे हा बसतो. ती जाणार कशी? वकील, संध्याकाळी ह्या घरात वास येतो. तुम्हालाही आला असेल."

मी पलीकडच्या खोलीकडे बघितलं.

"तिला सोडवायला हवं होतं. पण त्याच्यापुढून सुरई नेली असती तर तो जगला नसता. म्हणून मास्तरांकडून दुसरी करून घेतली. चित्र तेच, रंग तोच. तो साहेब आला तरी त्याला काय, बघायला सुरई आहेच. आणि पहिली घेऊन मी खडकावर गेल्ये. दगडानं फोडली. मागे वळून बघायचं नसतं. मी बघितलं नाही. वाटलं, सुटली." त्यांनी डोळे मिटले. "आणि पुढच्याच अमावास्येला ती अकरा पळ्या प्याली. मला वाटलं, रागावली माझ्यावर. सुटायचंच नव्हतं तिला, आणि मी तिला घराबाहेर काढलं."

"साहेबाला ती सुरई चालणार नाही, गोदूबाई," मी म्हणालो. हे सांगायला मी सोडून कुणीही चाललं असतं. "तो एका नजरेत खोटी म्हणेल. प्रोफेसरांनी तीस वर्षं खोटं लिहिलं असं होईल."

त्यांना ते समजायला जितका वेळ लागला तितका वेळ समुद्र ऐकू येत होता. भावाला बाराव्या वर्षाच्या विधवेनं वाढवला होता. त्याच्या आयुष्यात एकच शनिवार यायचा होता, आणि तो उद्या होता.

"भिकूला सांगू नका," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात आतलं दार उघडलं.

६

प्रोफेसरांच्या हातात कालवांची टोपली होती. ती त्यांनी बहिणीसमोर ठेवली आणि वरचा पंचा काढला. आत कापसावर पांढऱ्या खापऱ्या होत्या. प्रत्येकीवर बारीक अक्षरात नंबर घातलेला. मध्ये एक छोटी मातीची वाटी, टवकासुद्धा न उडालेली.

"एकोणीस," ते म्हणाले. "अक्का, तुझा नेम चांगला आहे."

गोदूबाई टोपलीकडे बघायला तयार नव्हत्या. "तुला ठाऊक होतं."

"मुंबईहून आलो त्या संध्याकाळी. बूट काढायच्या आधी. सुरई कुठं फोडली असशील तेही. तू दुसरीकडे कुठं फोडणार?"

"मग चौथ्या पळीला तुळसाला थांबवायचं तरी," मी म्हणालो.

"थांबवलं असतं तर मला कळलंय हे अक्काला कळलं असतं." प्रोफेसर म्हणाले. "ती माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी आहे. तिला कबुली द्यायला लावायची म्हणजे मी कोण? पण ती भुताला भिईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, अक्का कशालाच भीत नाही. माणसांच्या बाबतीत माझं निरीक्षण नेहमीच कमी पडलं."

"आणि उद्या?" गोदूबाई म्हणाल्या. "तुझा तो साहेब?"

"अक्का, आमच्या धंद्यात अख्खं काही सापडतच नाही. अख्खी सुरई बघितली की आम्हाला संशय येतो. फुटलेली असली की कडा दिसते, माती दिसते, आतली वाटी हातात घेता येते. साहेबाला ह्याच आवडतील." त्यांनी एक खापरी उचलून उजेडात धरली, उभ्या पुरुषाचा चेहरा तिच्यावर होता, आणि एक कान, नाजूक, कशासारखाही नसलेला. "भरताना माझ्या हातून पडली असं मी सांगणार आहे. म्हातारा माणूस आहे, पटेल त्याला."

भागोजीराव खापऱ्या मनातल्या मनात मांडत होते. "एक कमी आहे."

"हो. तिचा चेहरा नाही मिळाला. रोज जाऊन बघितलं."

मग मी विचारलं. वकिलानं विचारू नये तो प्रश्न होता, कारण उत्तर मला माहीत नव्हतं. "पण कळल्यावरही तुम्ही रोज त्या नकलेपुढे का बसता?"

प्रोफेसरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, पुसायचा म्हणून परत काढला.

"खऱ्या सुरईवरची बाई तीस वर्षं पेटीकडे बघत होती. मी तिच्याबद्दल दोनशे पानं लिहिली. तिनं एकदा मान वर केली नाही. घरात दुसरी एक होती. ती माझ्याकडे बघायची, तेव्हा मी मान खाली घालून खापऱ्या बघत असायचो. ती म्हणायचीसुद्धा." त्यांनी टेबलाकडे हात केला. "लवू मास्तरांना चित्रकला येत नाही. पण त्यांनी तिला माझ्याकडे बघायला लावलंय."

७

साहेब शनिवारी आला. मचव्यातून उतरताना त्याचा एक बूट पाण्यात गेला. त्यानं तो दारात काढून ठेवला आणि दोन तास एका पायमोज्यावर खापऱ्या बघितल्या. भिंग लावून कान बघितला, पायाची बोटं बघितली, ती वाटी तळहातावर घेऊन बराच वेळ हसत राहिला. मग उठून त्यानं प्रोफेसरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी बोलला. गोदूबाई दाराआड उभ्या होत्या. त्यांना त्यातला एकच शब्द कळला, 'मांडवी', आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

टेबलावरच्या नकलेकडे साहेबानं एकदा बघितलं आणि सभ्यपणे नजर वळवली. खापऱ्या जोडण्यासाठी तो बरोबर घेऊन गेला. वर्षभरानं छापील यादी आली. 'मांडवीचा चितारी. शोध: शेवडे. स्त्रीचा चेहरा गहाळ.' एवढंच. प्रोफेसरांनी ते पान स्वतः कापून मला दाखवलं. मी या खेपेला पूर्ण वाचलं.

पण मला सांगायची आहे ती साहेब गेल्यानंतरची पहिली अमावास्या. प्रोफेसरांनी मला आणि भागोजीरावांना बोलावलं होतं. तुळसा परत कामावर आली होती आणि उंबऱ्याच्या आत होती. दिवे लागले. या वेळी पळी गोदूबाईंनी स्वतः हातात घेतली.

एक. दोन. तीन. सवयीनं त्या थांबल्या आणि पळी खाली ठेवू लागल्या.

"अक्का," प्रोफेसर म्हणाले, "अजून आठ."

त्या ओतत राहिल्या. खोलीत तो वास होता, न्हालेल्या केसांचा. मी मोजत होतो, तुळसा ओठ हलवून मोजत होती, आणि भागोजीराव मोजताहेत हे त्यांच्या बोटांवरून दिसत होतं. अकराव्या पळीला सुरई भरायला हवी होती. गोदूबाईंनी अंदाजानं बारावी बुडवली आणि ओतली. ती मावली.

कच्च्या भाजणीची माती तेल शोषते. हे मी नंतर विचारून घेतलं आहे, कुंभारानंही तेच सांगितलं. त्या वेळी मात्र सुरईवरची बाई प्रोफेसरांकडे बघत होती आणि प्रोफेसर तिच्याकडे.

भागोजीरावांनी कोटाच्या खिशातून हीर काढला. त्याच्याकडे बघितलं, आणि परत खिशात ठेवला.